कडी

धुळ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: ओ.टी.
अमळनेरच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवली
तर शिपाई म्हणाला, ओ.टी. त्या लाल दिव्याखाली,
पण आज ऑपरेशन नाही, शुक्रवारी या.

मेडिकलवाल्यानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली.
म्हणे, ही कंपनी आमच्याकडे येत नाही.

कुणी सांगितलं, मराठीत व्यवसायोपचार म्हणतात त्याला,
म्हणून आयटीआयच्या खिडकीशी गेलो.
तिथल्या बाईनं फॉर्म पुढे केला:
शिवण, वेल्डिंग की मोटार रिवायंडिंग?
वय विचारलं. चोपन्न म्हणालो, पत्नीचं.
तिनं फॉर्म मागे ओढला, हळूच.

तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लाइनमन.
फॉल्ट शोधायचा तर एकही खांब सोडायचा नसतो,
धरणगाव रोडच्या बाभळींतून, भर उन्हात,
एकेक डबी उघडत जायचं.
तार दिसायला धड असते. तुटलेली असते आतून.

तसाच फिरलो.
मालिशवाला भेटला, कबुतराचं रक्त सांगणारा भेटला,
शेवटी एक फिजिओ, भला पोरगा:
"काका, मी चालायला लावीन. हाताचं, रोजच्या कामाचं, ते वेगळं.
मंगळवारी शिरपूरहून एक मॅडम येतात,
बियाण्याच्या दुकानावर, वरच्या मजल्याला."

जिना अरुंद. द्वारका पुढे, मी मागे हात धरून.
वर रोशनी पावरा, असेल पंचविशीची,
टेबलावर कपड्यांचे चिमटे, हरभऱ्याची डाळ, एक कुलूप,
जुन्या सदऱ्याची बटणपट्टी फळीवर ठोकलेली.
मी फाइल उघडली. तिनं मिटली.
"या हातानं काय करायचंय तुम्हाला?"

पाच महिन्यांत शुगर विचारली, बीपी विचारलं,
अंगठा हलतो का, विचारलं.
हे कुणी विचारलं नव्हतं.

मीच बोललो. मांडे, म्हणालो.
हिचे मांडे पारोळ्यापर्यंत जायचे,
आखाजीला आठ-आठ दिवस खापर थंड होत नसे,
पुरणाचा गोळा मनगटांवरून कोपरांपर्यंत झुलवत न्यायची,
इतका पातळ, की पलीकडून चुलीचा जाळ दिसायचा,
एकदा तर...

"काका, तुम्हाला नाही विचारलं."

पंखा फिरत राहिला.
खाली कुणीतरी कापसाच्या बियाण्याचा भाव पाडत होतं.
द्वारकानं ओठाचा वाकडा कोपरा पुसला, डाव्या हातानं,
आणि भिंतीकडे पाहत म्हणाली,
"माले न्हानीनी कडी लावनी शे. मझारथीन."

पाच महिने मी तिला अंघोळ घालतोय.
दार उघडं ठेवून. पडली तर,
पाणी जास्त कढत झालं तर, डॉक्टरच म्हणाले म्हणून.
वेणी शिकलो, निऱ्या शिकलो,
शेजारी कौतुक करायचे,
मीही मनात माझी पाठ थोपटायचो.

मॅडमनी कागदावर लिहून घेतलं. मांडे नाही लिहिले.

येताना हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेतली.
"दार सागवानी का पत्र्याचं?"
दार नाही, म्हटलं, फळी.
त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पैसे मोजले.

दुपारी ती फळी मांडीवर घेऊन बसते.
बोट सरकत जातं, कडीशी पोचतं, घसरतं.
लोखंड वाजतं, मागून शिवी.
बाकीचे शब्द अडखळतात, ती मात्र स्वच्छ येते.

आखाजीला पारोळ्याहून फोन आला. नाही म्हणालो.
कारण सांगितलं नाही.

आता न्हाणीचं दार ओढून घेते ती, स्वतः.
मी ओट्यावर, तिकडे पाठ करून,
ओतल्या पाण्याचे तांबे मोजतो.
तांब्या पडला तर उठायचं नाही,
हाक आली तरच, असं ठरलंय आमचं.

काल आतून कडी खडखडली. बराच वेळ.
लागली नाही.
मी बसून राहिलो.